कार्डावरची खालची ओळ

संगीत कंपनीला पाठवायच्या अर्जाला रहिवासी दाखला जोडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. नुसता दाखला नाही, त्याच्या तीन झेरॉक्स, आणि प्रत्येकीवर कोणाकडून तरी 'सत्यप्रत' असा शिक्का मारून आणलेला. जळगावात कोर्टाच्या बाजूच्या गल्लीत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, भाडेकरार, शोकसंदेश, नक्कल मिळावी म्हणून अर्ज, सगळं होतं. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वतीनं 'महोदय' लिहीत आलोय आणि माणसांच्या कशाचंच मला आता नवल वाटत नाही. पण कमलअक्का समोरच्या स्टुलावर बसली, पिशवीतून हे कागद काढले आणि म्हणाली, "सुधाभाऊ, गानाकरता अर्ज लिखना शे," तेव्हा मी चष्मा काढून पुसला.

अर्ज तीन ठिकाणी जायचे होते. पत्ते तिनं जुन्या कॅसेटच्या कव्हरांवरून उतरवून आणले होते. मी म्हटलं, "अक्का, कॅसेट बंद होऊन जमाना झाला. या कंपन्या आहेत का गेल्या, देवाला ठाऊक." ती म्हणाली, असतील कुठंतरी, एवढ्या मोठ्या कंपन्या जातील कुठं. मग मी दाखल्यांवर आलो. गाणं म्हणायला रहिवासी दाखला कशाला लागतो? तर तिचं म्हणणं, आपण अनोळखी माणूस, त्यांना कळणार कसं की ही बाई खरी आहे का खोटी. मी मुकाट्यानं टाइप करायला घेतलं. विषय: गाणे म्हणण्याची संधी मिळणेबाबत.

पहिल्याच ओळीला भांडण झालं. मी लिहिलं, 'मी अहिराणी भाषेतील उत्कृष्ट गायिका व गीतकार असून'. तिनं वाचायला सांगितलं, ऐकलं आणि 'उत्कृष्ट' काढायला लावलं. मग 'गायिका' काढायला लावलं. शेवटी जे वाक्य तिला पटलं ते असं होतं: 'मला थोडेफार गाता येते.' मी वैतागलो. म्हटलं, अक्का, तू माल विकायला चाललीस आणि माल हलका आहे म्हणून आधीच सांगतेस. ती शांतपणे म्हणाली, चांगलं आहे का नाही ते ऐकणाऱ्यानं म्हणायचं, आपण कोण? ते तीनही लिफाफे महिन्याभरात परत आले. पोस्टाचा शिक्का, पत्त्यावर कोणी नाही. एक लिफाफा मात्र फोडलेला वाटत होता, म्हणून ती तो घेऊन माझ्याकडं आली आणि उजेडात धरून दाखवला, बघ, कोणीतरी वाचलाय. पोस्टात फाटला असेल असं मी म्हणणार होतो, पण म्हटलं नाही.

ती मूळची पारोळ्याकडच्या एका खेड्यातली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात. मेहरूणला दोन खोल्यांत राहायची आणि डबे द्यायची. कॉलेजातले मास्तर, बँकेतले बदलीवाले, दवाखान्यातल्या नर्सा, असे पंचवीस-तीस डबे. माझाही त्यात एक, कारण माझ्या बायकोची शाळा सकाळची. साठीकडं झुकलेली, ठेंगणी, पायांनी अधू होत चाललेली, पण हात असा की शेवेच्या भाजीचा रस्सा पुसून घ्यायला लोक पोळी मागून घ्यायचे.

तिच्या दोन-तीन सवयी सांगतो, मग ती बरोबर दिसेल. भाकरी थापताना ती गायची. मुद्दाम नाही, आपोआप. थापण्याच्या ठेक्यावर शब्द यायचे, तिचे स्वतःचे, आणि भाकरी तव्यावर गेली की गाणं थांबायचं, दुसरा गोळा घेतला की तिथूनच पुढं. दुसरी सवय, डबा परत आला की आधी हुंगायची. डबा धुतलेला असला तरी कोणी काय टाकलं ते तिला कळायचं. आणि तिसरी, खोटं बोलताना डोक्यावरचा पदर कानामागं सारायची. "अक्का, जेवलीस का?" असं दुपारी दोन वाजता विचारलं की पदर कानामागं जायचा आणि उत्तर यायचं, जेवनू ना भो. ती जेवलेली नसायची. पंचवीस वर्षं अर्जदारांची तोंडं बघतोय, ही एवढी साधी खूण मला पहिल्याच महिन्यात सापडली.

गाणी तिच्याकडं बरीच होती, पण ती एकासाठीच झटत होती. लग्न झालेली बाई बऱ्याच दिवसांनी माहेरी जाते. एस.टी.तून उतरते, रस्त्यानं लोक खुशाली विचारतात, ती बोलत बोलत घरी येते, तर दाराला कुलूप. आई गेलेली आहे हे तिलाही ठाऊक असतं, पण पाय सवयीनं येतात.

माय नही ते माहेर कसानं, दारले कुलूप टांगेल शे,
कुलूपले मी इचारू का, माय कोठे बसेल शे?

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी लग्नपत्रिकेचं प्रूफ बघत होतो. गणपतीच्या चित्राखाली नवरीचं नाव चुकलं ते मला दिसलंच नाही, नंतर दोनशे पत्रिका परत छापाव्या लागल्या. आवाज गोड नव्हता तिचा. थोडा खरखरीत, मध्येच दबणारा. पण 'कोठे' या शब्दावर ती अशी थांबायची की आपल्यालाच उत्तर द्यावंसं वाटायचं. मला गाण्यातलं काही कळत नाही. एवढं मात्र कळलं की हे माझ्या दुकानापुरतं राहता कामा नये. तिची इच्छा तर फार मोठी नव्हतीच. हे गाणं तिच्या आवाजात बाहेर यावं आणि खाली तिचं नाव यावं, बस. शेवटी तिच्यापेक्षा मलाच त्याचा जास्त ध्यास लागला असं माझी बायको म्हणते, आणि ती बरोबर म्हणते.

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही धुळ्याला गेलो. तिथं अहिराणी गाण्यांचा एक स्टुडिओ होता, मोबाईलच्या दुकानामागं, आणि त्याच्या मालकाच्या चॅनलवरची गाणी खान्देशातल्या प्रत्येक हळदीला वाजत होती. एस.टी.त अक्का खिडकीशी बसली. पारोळ्याच्या अलीकडं तिनं हात बाहेर काढून आपल्या गावाचा रस्ता दाखवला आणि मग आपणहून गाणं म्हणायला लागली, हळू आवाजात, पुढच्या सीटच्या दांड्यावर बोटांनी ठेका धरून. दोन कडवी झाली. तेवढ्यात गाडी पारोळ्याच्या स्टँडवर लागली, शेंगदाणेवाले, पाणीवाले खिडकीला भिडले आणि गाणं तिथंच राहिलं. मी विचारलं, पुढं काय होतं? ती म्हणाली, "शेवटला कडवामां कुलूप बोलस." काय बोलतं ते तिनं सांगितलं नाही. म्हणाली, ते गाण्यातच ऐकायचं असतं, असं बसमध्ये सांगायचं नसतं.

स्टुडिओवाला माणूस वाईट नव्हता हे मला सांगायलाच हवं. तिशीतला पोरगा, गळ्यात जाड चेन, पण चहा पाजला, खुर्ची दिली, अक्काच्या पाया पडला. तिला माइकपुढं बसवून, कानाला हेडफोन लावून दीड कडवं ऐकलं. एका हातात फोन चालूच होता, पण ऐकलं. मग म्हणाला, आवाज अस्सल आहे, पण यावर कोणी नाचणार नाही. आणि नंतर अर्धा तास त्यानं तिला स्वतःला पुढं कसं आणायचं ते समजावून सांगितलं, अगदी पोटतिडकीनं. नावापुढं काहीतरी बिरुद लावा. मोठ्या माणसांसोबत फोटो काढा आणि रोज स्टेटसला ठेवा. कंपनीवाल्याला गाणं पाठवायचं नसतं, तीस सेकंद पाठवायचे असतात, त्याच्यापुढं कोणी ऐकत नाही. स्वतःचं कौतुक स्वतः करायला शिका. कार्ड छापा. आणि काहीही झालं तरी पूर्ण गाणं कोणाच्या हातात देऊ नका, शेवटचं कडवं राखून ठेवा, नाहीतर उद्या दुसरं कोणी आपल्या नावावर घालेल.

अक्का सगळं लक्ष देऊन ऐकत होती. तीस सेकंदांवर मात्र तिनं मान हलवली. म्हणाली, "तीस सेकंदमां ते बाई गाडीम्हाईन खालेबी उतरत नही."

त्यानं हसून हात जोडले. परत येताना ती उद्याच्या भाजीचा हिशोब करत होती. मला वाटलं तिनं सगळंच झटकून टाकलं. पण तसं नव्हतं. त्या पोरानं सांगितलेल्या साऱ्यातून तिनं दोन गोष्टी उचलल्या, आणि नेमक्या त्या दोनच उचलायला नको होत्या. एक कार्डाची. दुसरी शेवटच्या कडव्याची.

शेवटच्या कडव्याचं असं की मी माझ्या मोबाईलवर तिचं गाणं रेकॉर्ड केलं, डबे गेल्यावर, तिच्या स्वयंपाकघरात, पंखा बंद करून. दुसऱ्या कडव्यात शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी आली तीही तशीच राहिली. तिसरं कडवं संपलं आणि ती थांबली. म्हटलं, पुढं? नाही म्हणाली, ते राखायचं. ज्याला घ्यायचं तो बोलावेल, तेव्हा त्याच्यासमोर म्हणीन. मी चिडलो, हातापाया पडलो, म्हटलं मी काय चोर आहे का? तू नाहीस रे, म्हणाली, पण फोन कोणाच्याही हातात जातो. मी गाणं पेनड्राइव्हवर टाकून दिलं. तो ती देवघरात ठेवायची, प्लास्टिकच्या पिशवीत, तुपाच्या वाटीपासून लांब.

आणि कार्ड. मी दोन वेगळी कार्डं छापू म्हणत होतो. तिला ते पटेना. माणूस एक, फोन एक, मग कार्ड दोन कशाला? डबे काही चोरून देत नाही मी, म्हणाली. तेव्हा वर मोठ्या अक्षरात 'घरगुती डबे मिळतील', त्याखाली नाव, मेहरूणचा पत्ता, फोन, आणि अगदी खाली, जागा उरली तेवढ्यात, 'तसेच अहिराणी गाणी म्हणते व रचते'. 'तसेच' तिचा. मी तो काढू बघत होतो, तिनं काढू दिला नाही. आता वाटतं, दुकान माझं, संगणक माझा, मी तेव्हा हट्टानं ती ओळ वर का नाही घेतली? पण तिच्यापुढं माझं काही चालायचं नाही हे खरं.

ती कार्डं मी वाटत सुटलो. ऑर्केस्ट्रावाले, गणेश मंडळांचे कार्यक्रम ठरवणारे, निवेदक, साउंडवाले, दुकानात कोणीही संगीताशी संबंध असलेला माणूस आला की झेरॉक्ससोबत एक कार्ड. आणि फोन आले की हो. भरपूर आले. सगळे डब्यासाठी. जामनेरला एका मंडळानं गाण्याची स्पर्धा ठेवली, त्यांनी कार्ड बघून अक्काला बोलावलं, मी आनंदानं दुकान बंद करून सोबत गेलो, तर परीक्षकांच्या आणि स्पर्धकांच्या जेवणाचं बोलावणं होतं. हॉलच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये तिनं चाळीस माणसांचा स्वयंपाक केला. आतून लाउडस्पीकर ऐकू येत होता. पहिला नंबर आला ती मुलगी दुसऱ्या कडव्यात सुरातून उतरली, हे अक्कानं मला पोळी लाटता लाटता सांगितलं, तक्रार म्हणून नाही, सहज. आत हॉलमध्ये टाळ्या चालू होत्या. मला तिथल्या तिथं जाऊन माइक हिसकावून घ्यावासा वाटला. मी काय केलं? पाण्याचे जग भरले.

मग मुंबईचे संगीतकार आले.

नाव सांगत नाही, कारण त्यांची काही चूक नव्हती. त्यांच्या एका सिनेमाला खान्देशी बाईचा आवाज हवा होता, कोवळा नको, वापरलेला हवा, असं पेपरात आलं होतं. ते स्वतः तीन दिवस जळगावात राहून आवाज ऐकणार होते. नाव नोंदवायला मोबाईलवर व्हिडिओ पाठवायचा होता आणि खाली बारीक अक्षरात वयाची अट, पस्तिशीच्या आत. म्हणजे हवा वापरलेला आवाज आणि तो पस्तिशीच्या आतला. मी त्यांच्या हॉटेलवर गेलो, त्यांच्या सहायकाला गाठलं, कार्ड दिलं, अक्काबद्दल दहा मिनिटं बोललो. तो घाईत होता, मान हलवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काचा फोन वाजला. सर आणि त्यांची माणसं, सात जण, दुपारी जेवायला घरी येतील, अस्सल भरीत मिळेल का?

मला हसावं का रडावं कळेना, पण मग विचार केला, काय वाईट आहे? माणूस घरी येतोय. तिच्या घरात, तिच्यासमोर बसणार आहे. ज्याला घ्यायचं तोच दारात. मी तिला घोकून घोकून सांगितलं, अक्का, जेवण झालं की पान द्यायचं आणि म्हणायचं, सर, एक गाणं ऐकवते. एवढंच. बाकी मी बघतो. ती हो म्हणाली. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर तिनं वांगी भाजली, अंगणात धूर धूर, लाकडाच्या भांड्यात ठेचली, कांद्याची पात, शेंगदाणे, मिरच्या, वरून तेल. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ मळलेलं. मी गादीवर नवी चादर टाकली आणि पेनड्राइव्ह खिशात ठेवला.

ते आले, मांडी घालून बसले, मलाही आग्रहानं पंगतीत बसवलं. चांगला माणूस होता. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. बोलणं भरतावरून शेतावर, शेतावरून त्यांच्या आजीवर गेलं. अक्का आत चुलीपाशी भाकरी थापत होती. आणि सवयीनं, आपोआप, तिचं सुरू झालं. दारले कुलूप टांगेल शे. आतून थापण्याचा आवाज आणि त्यावर ते शब्द. संगीतकारांचा हात ताटावरच थांबला. त्यांनी बोट वर करून बाकीच्यांना गप्प केलं. मी खिशातला पेनड्राइव्ह चाचपला.

"आत कोण गातंय?" त्यांनी विचारलं.

गाणं तुटलं. अक्का गरम भाकरी घेऊन दारात आली. सात माणसं तिच्याकडं बघत होती. तिनं पदर कानामागं सारला.

"कोनी नही साहेब," ती म्हणाली, "मोबाईल वाजत व्हता."

मी तोंड उघडलं. खोटं आहे, हीच गाते, हे ओठांपर्यंत आलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हातातली भाकरी माझ्या ताटात वाढली. मी ती मोडली आणि खाल्ली. संगीतकार म्हणाले, कोणाचं गाणं आहे, लिंक असेल तर पाठवा. मग कोणीतरी ठेचा मागितला.

ते गेल्यावर मी पेनड्राइव्ह परत देवघरात ठेवला आणि तिला बोलायचं तेवढं बोललो. जे बोलू नये तेही बोललो. ती भांडी गोळा करत राहिली. शेवटी म्हणाली, "पाव्हना ताटवर बसेल व्हता, सुधाभाऊ. जेवाडीसन काम सांगनं म्हणजे ते अन्न ईकनं." डबे विकतेस ते? मी ओरडलो. ते डबे आहेत, म्हणाली, हा पाहुणा होता. घरात येऊन, मांडी घालून, 'माझ्या आजीसारखं भरीत' म्हणणारा माणूस. त्याच्या घशात घास असताना मी माझं गाऱ्हाणं मांडू? तिच्या वडिलांनी तिला हे शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. आणि खरं सांगतो, मलाही. माझ्याही घरात कोणी पाहुण्याकडं काम काढलं नाही कधी. म्हणून तर माझी जीभ उचलली नव्हती. तिच्यावर ओरडताना मला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून जास्त ओरडलो.

मग तीच म्हणाली, उद्या आपण त्यांच्याकडं जाऊ. तिथं पाहुणे आपण. तिथं मागितलं तर चालतं.

सकाळी नऊला आम्ही हॉटेलवर. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून तिनं चार पुडांचा डबा भरलेला. संगीतकार पहाटेच मुंबईला निघून गेले होते. सहायक खाली आला, "अरे, भरीतवाल्या मावशी!" म्हणाला आणि डबा बघून खरोखर खूश झाला. मी अक्काला कोपरानं ढोसलं. पेनड्राइव्ह दे, सांग. तिनं डबा पुढं केला, वरच्या पुडावर दोनदा बोटानं ठोकलं आणि म्हणाली, सगळ्यात वरचा पूड साहेबांना द्या. एवढंच. पेनड्राइव्ह तिनं वरच्या पुडात ठेवला होता, पिशवीत गुंडाळून, कार्डासोबत. तोंडानं सांगणं तिला जमणार नाही हे तिला रात्रीच कळलं असावं. सहायक हो हो म्हणत लिफ्टमध्ये गेला.

डबा त्याच दिवशी संध्याकाळी हॉटेलच्या माणसाकडून परत आला. घासून पुसून लख्ख. अक्का तो घेऊन दुकानात आली आणि माझ्यासमोर उघडला. वरच्या पुडात पेनड्राइव्ह होता, तसाच पिशवीत गुंडाळलेला, गाठही न सोडलेली. कार्ड नव्हतं, ते ठेवून घेतलं होतं. त्याच्या जागी एक चिठ्ठी होती. मावशी, फारच छान, पुढच्या वेळी नक्की येऊ. सवयीनं तिनं डबा नाकाशी नेला आणि म्हणाली, बठ्ठं खाल्लं त्यांनी, काही टाकलं नाही. मला तिथं बसवेना. मी उठून उगाच झेरॉक्स मशीन उघडून बघायला लागलो.

चार महिन्यांनी ती कार्डं संपली म्हणून नवी छापायला आली. मी जुनी फाइल उघडली. ती माझ्या मागं उभी राहून पडद्याकडं बघत होती. मग हात लांब करून तिनं पडद्यावर खाली बोट ठेवलं. ही ओळ काढ, म्हणाली. मी म्हटलं, राहू दे ना अक्का, जागा काय खाते का ती? नको, म्हणाली, लोक वाचतात आणि हसतात, मला ऐकू येतं. ती वाट बघत उभी राहिली. मग मी ती ओळ काढली. माझ्याच बोटानं. खाली जागा मोकळी दिसायला लागली, म्हणून तिनं तिथं लिहायला लावलं, 'भरीत ऑर्डरप्रमाणे'. शंभर कार्डं. त्यानंतर मी तिला भाकरी थापताना गाताना ऐकलं नाही. चार-पाच वेळा मुद्दाम डबा घ्यायला स्वतः गेलो, आतून नुसता थापण्याचा आवाज यायचा.

गुडघे बसले तसा मुलगा तिला सुरतेला न्यायला आला. निघायच्या दिवशी आम्ही दोघांना घरी जेवायला बोलावलं. माझ्या मनात एकच होतं, ते शेवटचं कडवं. कुलूप काय बोलतं? गाणं आता कुठं जायचं नव्हतं, कोणाला विकायचं नव्हतं, पण निदान कोणाकडं तरी पूर्ण असावं. बायकोनं पुरणपोळी केली होती. अक्का जेवली, हात धुतले, सुपारी तोंडात टाकली आणि खुर्चीवर बसून राहिली. मी समोर. मुलगा गॅलरीत फोनवर बोलत होता. चांगली दहा मिनिटं ती तशी बसली होती, हात मांडीवर, मधूनच माझ्याकडं बघत. आणि मी विचारू शकलो नाही. ताजी जेवलेली बाई, माझ्या घरात, माझ्या ताटावरून उठलेली. तिच्याकडं काय मागणार? तिला तेव्हा म्हणायचं होतं का, मी विचारायची ती वाट बघत होती का, या विचारानं मला अजून झोपेतून जाग येते.

मी स्टेशनवर सोडायला गेलो. स्टेशन कोणाचंच घर नाही, असं मी मनाशी घोकत होतो. सुरतेची गाडी उभी होती. मुलानं सामान चढवलं, तिला हाताला धरून वर घेतलं, खिडकीशी बसवलं. मी खिडकीच्या गजांना धरून उभा राहिलो आणि खिशातून तिचंच एक कार्ड काढलं, मागची बाजू वर केली, पेन उघडला.

"अक्का," मी म्हटलं, "ते शेवटचं कडवं सांग. लिहून घेतो. कुलूप काय बोलतं?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या कार्डाकडं. गाडी हलली. मी दोन पावलं सोबत चाललो.

तिनं पदर कानामागं सारला.

"इसरी गयी मी ते," ती म्हणाली.